बाप्पा! फाल्गुनराव लंडनचे निघाले

हे बघा, मला कुणाच्या घरच्या भानगडी चघळायची सवय नाही. रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहून ही सवय लागू न देणं किती अवघड, ते इथे राहणाऱ्यांनाच ठाऊक. पण गोष्टच अशी कानावर आली आहे की ती पोटात ठेवली तर अपचन व्हायचं. म्हणून सांगते. दार जरा लोटून घ्या.

आपले फाल्गुनराव मराठी नाहीत.

होय, 'संशयकल्लोळ'मधलेच. तरण्या बायकोच्या पाळतीवर राहणारे, सावलीवरही वहीम घेणारे. तर हे गृहस्थ मूळचे सर जॉन रेस्टलेस. कृत्तिकाबाई म्हणजे लेडी रेस्टलेस, अश्विनशेठ तो बेव्हर्ली आणि रेवती ती बेलिंडा. १७६१ साली लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात 'ऑल इन द राँग' या नावाने हे सगळं बिऱ्हाड पहिल्यांदा लोकांपुढे आलं. जन्मदाते आर्थर मर्फी, जातीचे आयरिश. आता त्यांचंही ऐकून घ्या. मर्फीसाहेब आधी नट होते, मग त्यांना वकील व्हावंसं वाटलं. नाटकात तोंड रंगवलेल्या माणसाला मिडल टेंपलने उंबरा ओलांडू दिला नाही. शेवटी लिंकन्स इनने आत घेतलं. म्हणजे मुळातच घराणं असं! बरं, निदान लंडनपाशी तरी वंशावळ थांबावी की नाही? छे. मर्फींनी यातली मुख्य खोडी उचलली पॅरिसच्या मोलिएरकडून, त्याच्या १६६० सालच्या 'स्गानारेल'मधून. हातातून गळलेली तसबीर, भलत्याच बाईने ती उचलणं आणि नवऱ्याने ते नेमकं बघणं, हे सगळं त्या फ्रेंचाचं. बाप लंडनचा, आजोबा पॅरिसचे, आणि आपण इतकी वर्षं त्यांना हळदीकुंकवाला बोलावतोय.

मला कळलं तेही कसं बघा. इकडे एका हौशी मंडळात यंदा नाटक कुठलं बसवायचं यावर बैठक होती. एका तरुण मुलाने इंग्रजी नाटकाचं रूपांतर करू या म्हणून सुचवलं, तर ज्येष्ठ मंडळी ताडकन उठली. साहेबाचं उष्टं आपल्या रंगमंचावर? परमुलखात राहतो म्हणून काय झालं, आपल्या मातीतलं, अस्सल, घरंदाज मराठी काहीतरी करा! मग घरंदाज अशी दोन नावं पुढे आली. एक 'संशयकल्लोळ' आणि दुसरं 'मोरूची मावशी'. दोन्ही टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर. तो पोरगा नुसता हसला. त्याचं हसणं मला खटकलं, म्हणून मी जरा खणायला घेतलं, तर काय काय निघालं म्हणून सांगू!

ही इंग्रजी नाटकांची साथ मुळात साहेबाच्या कंटाळ्यातून आली असं माझं मत आहे. सात समुद्र ओलांडून आलेली माणसं, संध्याकाळी करायचं काय? पत्ते झाले, घोडे झाले, एकमेकांच्या बायकांबद्दल बोलून झालं. उरलं नाटक. मुंबईत १७७६ मध्येच हिरवळीवर, म्हणजे आताच्या हॉर्निमन सर्कलपाशी, वर्गणी काढून नाटकगृह बांधलं. दिवसा हिशेब लिहिणारे आणि कवायत करणारे रात्री चेहऱ्याला रंग लावून उभे. हौस दांडगी, कर्ज त्याहून दांडगं. इतकं की १८३५ मध्ये ते लिलावात निघालं आणि जमशेटजी जीजीभाईंनी घेतलं. मग व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात पुन्हा सगळ्यांना नाटक आठवलं. जागा कुणी दिली? आपल्या नाना शंकरशेटांनी. १८४६ मध्ये ग्रँट रोडला नवीन थिएटर उघडलं. पण साहेब राहणार फोर्टात, रात्रीची गाडी जुंपून त्या वेळच्या ग्रँट रोडला जाणार कोण? वस्तीही मडमांनी नाक मुरडावं अशीच. तेव्हा साहेब येईनासा झाला आणि आपली माणसं शिरली. १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांची सांगलीकर मंडळी तिथे खेळ करून गेली, त्याच साली पारशी मंडळींनीही तिथेच पाय रोवले. घर बांधलं साहेबासाठी आणि संसार थाटला आपण. याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.

कलकत्त्याला तर बायका चक्क पगारावर नाटकात. एस्थर लीच म्हणून होत्या, सां सुसी थिएटरच्या सर्वेसर्वा. १८४३ मध्ये खेळ चालू असताना तेलाच्या उघड्या दिव्याने त्यांच्या झग्याने पेट घेतला आणि त्यातच त्या गेल्या. लोकांना हसवायला उभ्या राहिलेल्या बाईचं असं व्हावं, याची मात्र चेष्टा करवत नाही. पुढे जाऊ.

वेड म्हणजे काय ते बघायचं तर सिमला. उन्हाळ्यात अख्खं सरकार डोंगरावर चढायचं, फायलींसकट, आणि वर गेल्यावर नाटकं करायचं. राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या १८८७ साली हेन्री आयर्विन नावाच्या वास्तुकाराने बांधलेलं गेटी थिएटर तिथे उघडलं. ज्या हाताने व्हाइसरॉयचा वाडा बांधला त्याच हाताने ही रंगाची पेटी. कोण कोण उभं राहिलं तिथे! रडयार्ड किपलिंग तेव्हा विशीतला वार्ताहर, 'अ स्क्रॅप ऑफ पेपर' नावाच्या कॉमेडीत काम करून गेला. हीसुद्धा सार्दूच्या फ्रेंच नाटकावरून इंग्रजीत उचललेली, म्हणजे साहेब आपल्याला देत होता तो मालही त्याचा नव्हताच. आणि ते बेडन-पॉवेल, ज्यांच्या नावाने आपली पोरं गळ्यात रुमाल बांधून रोज एक सत्कृत्य करतात? १८९७ मध्ये 'द गेशा' या संगीत कॉमेडीत चहाच्या दुकानाचा चिनी मालक होऊन नाचले. घोडदळाचे अधिकारी! लोकरीचे मोजे, पदकं आणि डोक्यावर चिनी टोपी. बालवीरांना हे कुणी सांगितलं नाही, मीच सांगते.

तुम्ही विचाराल, आपल्या रायपुरात तेव्हा काय चाललं होतं? भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालेलं आणि रस्त्यावर धूळ. १८७७ मध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा चौदा वर्षांचा मुलगा वडिलांकडे इथे यायला निघाला, तर नागपूरपासून बैलगाडी. पुढे तो विवेकानंद झाला ती गोष्ट निराळी, पण त्या बैलगाडीतून नाटक कंपनीचे पडदे, पेट्या, तबले आणि रुसलेली नायिका आणायची म्हणजे खेळ लागायच्या आत मंडळी मोडायची. राजकुमार कॉलेज जबलपूरहून इथे आलं ते १८९४ मध्ये. एका बऱ्या कॉमेडीला निदान तीन साहेब, दोन मडमा, एक पियानो आणि एक संशयी नवरा लागतो. यातला शेवटचा रायपुरात केव्हाही मिळाला असता, बाकीची भरती अवघड. आणि मराठी माणसाचं म्हणाल तर आपल्याकडे माधवराव सप्रे. १९०० साली 'छत्तीसगढ़ मित्र' काढणारे, पुढे 'गीतारहस्य' हिंदीत आणणारे. अशा माणसाच्या गावात राहून मी हे असलं बोलते आहे. त्यांच्या आत्म्याने तेवढं कानावर घेऊ नये.

साहेबाला कॉमेडी फार प्रिय, पण स्वतःवर झाली की लगेच ताप. १८७६ च्या जानेवारीत इंग्लंडचे युवराज कलकत्त्यात होते. भवानीपूरच्या जगदानंद मुखर्जी वकिलांनी त्यांना घरी बोलावलं आणि थेट जनानखान्यात नेलं. घरातल्या बायकांनी शंख फुंकून, ओवाळून परक्या पुरुषाचं स्वागत केलं. अख्खं कलकत्ता खवळलं. ग्रेट नॅशनल थिएटरने फेब्रुवारीतच या वकिलाला 'गजदानंद' करून प्रहसन लावलं. पोलिसांनी बंद पाडलं. त्यांनी नाव बदलून 'हनुमान चरित्र' म्हणून पुन्हा लावलं. तेही बंद. मग त्यांनी पोलिसांवरच केलं. कमिशनर होते हॉग आणि सुपरिंटेंडंट होते लँब, तर नाटकाचं नाव 'डुक्कर आणि मेंढीचे पोलीस'. काय बिशाद बघा! व्हाइसरॉयनी २९ फेब्रुवारीला वटहुकूम काढला आणि वर्ष संपता संपता नाट्यप्रयोगांवर नियंत्रणाचा कायदा आला. एका वकिलाने पाहुण्याला आतल्या खोलीत नेलं, त्यापायी देशातल्या सगळ्या नाटकवाल्यांच्या मानेवर सुरी, आणि ती साहेब गेला तरी बरीच वर्षं तिथेच.

आता पुण्याकडे वळू. मला खरा धक्का तिथे बसला. कलकत्ता-सिमल्याचं सोडा, ती माणसं तशीच. पण सदाशिव-शनिवार पेठ? जिथे दुपारी एक ते चार कावळासुद्धा हळू ओरडतो?

वासुदेव बाळकृष्ण केळकर. फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक. उपरणं, पगडी, गंभीर चेहरा. या गृहस्थांनी शेक्सपिअरची 'टेमिंग ऑफ द श्रू' उचलली आणि १८९१-९२ च्या सुमारास तिची 'त्राटिका' केली. ती सादर केली शाहूनगरवासी मंडळीने. साताऱ्याची कंपनी, संगीताची कुबडी न घेता निव्वळ गद्यावर चालणारी. प्रतापराव म्हणून गणपतराव जोशी, म्हणजे 'हॅम्लेट' करून लोकांना रडवणारा तोच माणूस. आणि त्राटिका कोण? बळवंतराव जोग. सगळ्या पुण्याने पैसे मोजून एका बळवंतरावांना भांडी आपटताना आणि एका गणपतरावांना त्यांना वठणीवर आणताना बघितलं. शिव शिव शिव!

पण साल ध्यानात घ्या. नुकतंच रखमाबाईंचं प्रकरण होऊन गेलेलं. लहानपणी लावलेल्या नवऱ्याच्या घरी जाणार नाही म्हणून ही बाई कोर्टात उभी राहिली, आणि १८८७ मध्ये न्यायाधीशाने नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा म्हटल्यावर तुरुंगात जाते म्हणाली. पुण्यात १८८४ मध्ये मुलींचं हायस्कूल निघालं, तर १८८६ मध्ये नारायण बापूजी कानिटकरांचं 'तरुणीशिक्षणनाटिका' हजर, शिकलेल्या मुली कशा बिघडतात ते दाखवायला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा. मुलीचं वय दहाचं बारा करायचं, एवढ्यावरून टिळक-आगरकरांच्या गावात डोकी फुटायची वेळ आली. आणि याच वर्षा-दोन वर्षांत एक तोंडाळ बाई उपाशी ठेवून, झोप मोडून, नव्या कपड्यांचं आमिष दाखवून सुतासारखी सरळ केली जाते, असं नाटक लागतं. साहेबाच्या देशात ते तीनशे वर्षं जुनं होतं. पुण्यात ते त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रासारखं ताजं. हसणारे पुरुष कशाला हसत होते ते आपण ओळखू शकतो. मागच्या, बायकांच्या बाजूला ज्या बसल्या असतील त्या कुणाला हसत होत्या, हे विचारायला मला फार आवडलं असतं. भांडी आपटण्याच्या प्रवेशाला त्यांनी मनातल्या मनात 'वन्स मोअर' दिला असणार, अशी माझी पक्की खात्री आहे.

याच वेळी दुसरीकडे गोविंद बल्लाळ देवलांचा उद्योग चालू होता. सांगलीजवळच्या हरिपूरचे, अण्णासाहेब किर्लोस्करांचे शिष्य. यांची नाटकं किती? सात. त्यांतलं स्वतःचं किती? एक, 'शारदा'. 'मृच्छकटिक' शूद्रकाकडून, 'विक्रमोर्वशीय' कालिदासाकडून, 'शापसंभ्रम' बाणाच्या कादंबरीवरून, 'झुंझारराव' म्हणजे ऑथेल्लो, 'दुर्गा'ही इंग्रजीवरून आणि सातवे आपले फाल्गुनराव. म्हणजे माणसाने संस्कृत आणि इंग्रजी, दोन्ही शेजाऱ्यांकडे सारखीच साखर मागितली. आणि मजा अशी की कालिदासाकडून आणलं की ते संस्कार, मर्फीकडून आणलं की ते उष्टं. असं का, ते मला त्या बैठकीतल्या ज्येष्ठांना विचारायचं आहे.

१८९३ मध्ये देवलांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक आणलं. आता यात चोरी किती आणि कसब किती ते बघू, कारण नुसती बदनामी करून थांबणं मला शोभत नाही. मर्फीची बेलिंडा चांगल्या घरची मुलगी. ती बागेत एकटी फिरते, प्रियकराची तसबीर जवळ बाळगते, तिच्या लग्नाचं दुसरीकडे ठरतं म्हणून तिला भोवळ येते आणि सर जॉन तिला सावरतात. लंडनमध्ये हे चालून गेलं. १८९३ च्या पुण्यात चांगल्या घरची मुलगी बागेत एकटी? तिचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी होऊन गेलेलं. प्रेम कुणावर करणार, कधी करणार? तसबीर जवळ बाळगायची म्हणजे ती गणपतीची! तेव्हा देवलांनी काय केलं, तर रेवतीला नायकिणीच्या घरात जन्माला घातलं. मघा नायकिणीची मुलगी. तिला रस्त्यावर चालता येतं, आवडत्या माणसाशी बोलता येतं आणि कुलीन घरात लग्न करून जायची आसही धरता येते. एका फटक्यात सगळी अडचण मिटली. वर आणखी एक फायदा झाला. अश्विनशेठ तिच्यावर संशय घेतो तेव्हा तो बेव्हर्लीसारखा नुसता चिडका प्रियकर राहत नाही. त्याच्या डोक्यात अख्खा गाव कुजबुजत असतो की नायकिणीचीच ती. तिचा राग मग फार निराळा लागतो, जरा खोल. मर्फीला हे सुचायचं कारण नव्हतं.

आणि नावं? पंचांग उघडून बसले असावेत. फाल्गुन, अश्विन, वैशाख, भादव्या, कृत्तिका, रेवती, रोहिणी, स्वाती, मघा. महिने आणि नक्षत्रं एकमेकांवर वहीम घेत फिरतात. सर जॉन रेस्टलेस यांच्या अंगावरचा कोट कुठे उसवला आणि उपरणं कुठे चढलं, शोधून सापडत नाही. १९१६ मध्ये देवल गेले, त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने पदं घालून ते 'संशयकल्लोळ' म्हणून आणलं. गणपतराव बोडसांचे फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती. पुढचं तुम्हाला पाठ आहे. ड्रुरी लेनवर आज 'ऑल इन द राँग'चं नाव घेतलं तर तिकीट विकणारा तुमच्याकडे बघत राहील. आपल्याकडे कुठल्याही गावात नाट्यमहोत्सव लागला की फाल्गुनराव आपले हजर, छत्री घेऊन.

आता मावशी. ती सगळ्यांत वात्रट, म्हणून शेवटी ठेवली होती.

१८९२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये ब्रँडन थॉमस यांचं 'चार्लीज आंट' लागलं. ऑक्सफर्डमधले दोन विद्यार्थी, त्यांना दोन मुलींना खोलीवर जेवायला बोलवायचंय. पण सोबत कुणी वडीलधारी बाई नसेल तर मुली येणार कशा? ब्राझीलहून येणारी चार्लीची श्रीमंत मावशी वेळेवर पोचत नाही, म्हणून एका मित्राला झगा चढवून मावशी करतात. १,४६६ प्रयोग झाले ओळीने. सगळं जग वेडं झालं. आता तारखा लावून बघा. लंडनला चार्लीची मावशी आणि पुण्याला बळवंतरावांची त्राटिका, दोन्ही एकाच काळातल्या. तिकडे पुरुषाने झगा घातला की लोक हसून लोटपोट. इकडे पुरुषाने लुगडं नेसलं की लोक हळहळून उसासे टाकत. भाऊराव कोल्हटकर शकुंतला म्हणून उभे राहिले तर बायका त्यांची ऐट बघायला यायच्या. पुढे बालगंधर्वांच्या नेसणीची तर घरोघरी नक्कल झाली. आमच्या आजीच्या पिढीला पदर कसा घ्यायचा ते नारायण श्रीपाद राजहंसांनी शिकवलं, सासूने नाही. मग सांगा, अशा रंगभूमीवर 'पुरुष बाई झालाय' यात विनोद कसला? तिथे तर पुरुषच बाई होता! चार्लीची मावशी त्या वेळी पुण्याला आली असती तर प्रेक्षकांनी विचारलं असतं, 'बरं, पुढे?' शिवाय मुलींना खोलीवर जेवायला बोलवायचं, ही गोष्ट तर उच्चारायची सोय नाही.

म्हणून ही मावशी वाटेत अडकली. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' आणलं, ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक बायकांच्या भूमिकांत उभ्या राहिल्या, घरंदाज घरांतल्या बायका रंगमंचावर येऊ लागल्या. मुली मुलांबरोबर कॉलेजात बसू लागल्या. आणि मग, लुगडं नेसलेला पुरुष पुन्हा हसू आणण्याइतका विचित्र झाल्यावर, १९४७ मध्ये अत्र्यांनी 'मोरूची मावशी' बाहेर काढली. बापूराव माने पहिली मावशी. साहेब ज्या वर्षी गेला त्याच वर्षी त्याची मावशी इथे राहायला आली आणि परत गेलीच नाही. १९८० च्या दशकात 'सुयोग'ने तिला पुन्हा उभं केलं, विजय चव्हाणांनी नऊवारी सावरत ती नाचवली आणि मग तर ती सगळ्यांची झाली. ब्राझीलचं कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. आमच्या ज्येष्ठांच्या तर नाहीच.

इथे मला रायपूरवाली म्हणून जरा कॉलर ताठ करू द्या. पुण्या-लंडनला पुरुषाने बाई व्हायचं की नाही, त्यावर हसायचं की रडायचं, एवढे सोपस्कार. आपल्या छत्तीसगडच्या 'नाचा' या लोकनाट्यात हा प्रश्न कधी पडलाच नाही. रात्रभर गम्मत चालते. परी म्हणून येतो तो गडीच असतो, पायांत घुंगरू, डोळ्यांत काजळ. तो गातो तेव्हा गाव हळवं होतं आणि जोक्कड, म्हणजे विदूषक, त्याची छेड काढतो तेव्हा तेच गाव पोट धरून हसतं. एकाच रात्री, एकाच माणसावर दोन्ही. राजनांदगावकडच्या रवेलीच्या दाऊ मंदराजींनी १९२८ मध्ये पार्टी उभी केली. त्यांना ना केळकर मास्तर माहीत होते, ना ब्रँडन थॉमस. आणि हबीब तनवीर, आपल्याच गावचे, १९२३ चा जन्म. लंडनला जाऊन नाटक शिकून आले, युरोपभर फिरले आणि १९५८ मध्ये घरी आल्यावर बघत काय बसले, तर आपल्या जुन्या लॉरी शाळेच्या मैदानावर रात्रभर नाचा. सकाळपर्यंत माणूस बिघडला होता. सहा नाचावाले उचलून दिल्लीला नेले आणि 'मिट्टी की गाडी' केलं. तेच शूद्रकाचं, जे देवलांनी उचललं होतं. पुढे १९९३ मध्ये शेक्सपिअरची 'मिडसमर नाइट्स ड्रीम' घेऊन 'कामदेव का अपना बसंत ऋतु का सपना' केलं, छत्तीसगडी नटांना घेऊन. त्यातले विणकर-सुतार नाटक बसवायला बसतात ना, ते इतके आपल्या पाऱ्यातले वाटतात की मला भलताच संशय येतो. शेक्सपिअरनेच कधी राजनांदगावकडे येऊन काही उचललं नसेल ना? तारखा जुळत नाहीत म्हणून गप्प बसते.

आता तुम्ही म्हणाल, निदान हरिभाऊ आपटे तरी यात नसतील. 'पण लक्षात कोण घेतो' लिहिणारे, यमूच्या कहाणीने घरोघरच्या बायकांच्या डोळ्यांना पदर लावणारे. त्यांच्याकडे बोट दाखवू नका, असं मला एकीने कालच बजावलं. पण १८९० च्या आगेमागेच, इकडे यमू आकार घेत असताना, हरिभाऊ तिकडे काय करत होते ठाऊक आहे? मोलिएरच्या लाकूडतोड्याला धरून 'मारून मुटकून वैद्यबुवा' करत होते. आणि त्याला मार कुणाच्या मसलतीने पडतो? त्याच्या बायकोच्या! ते सगळं सांगायला बसले तर कुकर जळेल. उद्या दुपारी या. आणि त्या पलीकडच्या वहिनींना आणू नका, त्यांच्या पोटात काही राहत नाही.